ताऱ्याला चुंबक आहे हे कळतं कसं?

चुंबकीय तारे रेडिओ दुर्बिणीतून बघणं हे माझं काम, ते सांगितलं की हा प्रश्न येतोच, की एवढ्या लांबच्या ताऱ्याला चुंबकीय क्षेत्र आहे हे इथे बसून कळतं कसं, होकायंत्र घेऊन गेलं होतं का कुणी? तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय.

जुनी पद्धत प्रकाशाची. चुंबकीय क्षेत्र असेल तर ताऱ्याच्या वर्णपटातली (प्रकाश रंगांत फोडला की दिसणाऱ्या पट्ट्यातली) एक रेषा फुटून तिच्या दोन-तीन होतात. होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञांनी 1947 मध्ये हे 78 व्हर्जिनिस या ताऱ्यात पकडलं, सूर्य सोडून दुसऱ्या ताऱ्यात पहिल्यांदाच. 1960 मध्ये त्यांनाच 34 हजार गाउसचा (गाउस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) एक तारा सापडला, आणि आपल्या पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम अर्धा गाउस! असे तारे बहुतेक 'पिक्युलियर' असतात, म्हणजे क्रोमियम, स्ट्रॉन्शियम, युरोपियम नको तेवढं दिसतं, पण ते फक्त वरच्या कातडीत हं, आत तारा चारचौघांसारखाच. क्षेत्र वरचा थर ढवळू देत नाही, मग काही अणूंना आतून येणारा प्रकाशच ढकलत वर आणतो आणि बाकीचे गाळासारखे खाली बसतात.

मला मजा वाटते ती रेडिओची. सीयू व्हर्जिनिस नावाचा असाच एक तारा साडेबारा तासांत स्वतःभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीत दोन रेडिओ पल्स, म्हणजे रेडिओ लाटांचे छोटे झोत, देतो, हे 2000 साली छापून आलं. आता पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने असे बरेच तारे शोधलेत. चुंबकाचा अक्ष फिरण्याच्या अक्षाला तिरका असतो आणि क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन गिरक्या घेत क्षेत्ररेषेच्या जवळजवळ काटकोनात लाटा फेकतात, त्यामुळे पल्स येतो तो ध्रुव आपल्याकडे असताना नाही, दोन्ही ध्रुव आडवे असतात तेव्हा. बागेतल्या फिरत्या फवाऱ्यासारखं, तोंड आपल्याकडे आलं तरच भिजणार. आणि फ्रिक्वेन्सीच क्षेत्र सांगते: गाउसला 2.8 ने गुणलं की मेगाहर्ट्झ. 1400 मेगाहर्ट्झला पल्स दिसला तर तो जिथून निघाला तिथे 500 गाउस, किंवा दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीची दुप्पट) असेल तर 250. झालं होकायंत्र.

फक्त वेळ चुकली की सगळं फुकट. एकदा मी पिरियडचा, म्हणजे एका फेरीला लागणाऱ्या वेळेचा, जुना आकडा वापरला, फेरीमागे एक सेकंद चुकला तरी वर्षाला सातशे फेऱ्या म्हणजे बारा मिनिटं, आणि आमचा आकडा बऱ्याच वर्षांपूर्वीचा... ग्राफ शेवटपर्यंत सपाट. पुढच्या वेळी अलीकडे-पलीकडे जादा तास मागून घेतले. अगदी शेवटाकडे सिग्नल एकदम वर गेला, आणि ध्रुवण (लाट कुठल्या दिशेने हलते ते) जवळजवळ शंभर टक्के वर्तुळाकार, सॅटेलाइटचे सिग्नलही बऱ्याचदा असेच असतात, म्हणून मी सॅटेलाइटचा कचरा समजून तो भाग उडवणारच होतो, पण आधी इमेज बनवून बघितली तर ठिपका बरोबर ताऱ्याच्या जागेवर.