घरखर्च सॉफ्टवेअरमध्ये बसवताना: डबे, वर्षाची बिलं आणि बँकेची फाइल

महिन्याच्या एक तारखेला दोघांचे पगार मिळून खात्यात १,१८,००० रुपये दिसतात. त्यातले ३४,७१३ पाच तारखेला गृहकर्जाच्या हप्त्याला जाणार. क्रेडिट कार्डाचे २१,४०० गेल्या महिन्यातच खर्च झालेत, फक्त अजून वळते व्हायचेत. सोसायटीचा तिमाही मेंटेनन्स १०,५००, तोही पंधरा तारखेच्या आत. हातात उरतात ५१,३८७. बँकेचं ॲप मात्र १,१८,००० दाखवत राहतं आणि शनिवारी लेक शोअर (पूर्वीच्या विवियाना) मॉलमध्ये किंवा वाशीच्या इनऑर्बिटमध्ये आपण तोच आकडा डोक्यात ठेवून फिरतो. ठाणे-नवी मुंबईतल्या दोन पगारांच्या घरात पैसे कमी असतात असं सहसा नसतं. कुठला रुपया कुठल्या कामाचा, हे कुठेही लिहिलेलं नसतं.

जुन्या घरांमध्ये दुधाचे, किराण्याचे, भाड्याचे पैसे वेगवेगळ्या डब्यांत असायचे. ॲक्च्युअल बजेट नावाचं सॉफ्टवेअर नेमकं हेच करतं. पूर्वी ते विकत घ्यावं लागायचं, २०२२ पासून मुक्त आणि मोफत आहे. हिशेबाची फाइल आपल्याकडेच राहते, हे त्याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं वैशिष्ट्य. अमेरिकेतलं मिंट हे घरखर्चाचं ॲप मार्च २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा लोकांना वर्षानुवर्षांच्या नोंदी घाईघाईने बाहेर काढाव्या लागल्या. ज्यांना शेअर, म्युच्युअल फंड, भांडवली नफा असं सगळं एकाच वहीत हवं, त्यांच्यासाठी १९९८ पासून चालत आलेलं ग्नूकॅश जास्त योग्य. त्यात दुहेरी नोंद पद्धत आहे, म्हणजे प्रत्येक रक्कम दोन खात्यांत लिहायची, म्हणून शिकायला वेळ लागतो. या महिन्याचं घर नीट चालवायचं असेल तर ॲक्च्युअल पुरे.

एकाच लॅपटॉपवर हिशेब ठेवणार असाल तर डेस्कटॉप ॲप उतरवून घ्या, सर्व्हरची गरज नाही. नवरा-बायको दोघांच्या फोनवर हवं असेल तर मात्र घरातल्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर सर्व्हर चालवावा लागतो. इथे पहिली अडचण येते: फोनच्या ब्राउझरमधून साध्या एचटीटीपीने ते उघडत नाही, एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित जोडणी लागते. बरेच जण इथेच कंटाळून सोडून देतात. एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवा.

उघडल्यावर आधी सेटिंग्जमध्ये आकड्यांची मांडणी १,००,००० अशी आपली लाखाची निवडा आणि तारीख दिवस-महिना-वर्ष करा. मग खाती तयार करा. दोघांची पगाराची खाती, क्रेडिट कार्ड आणि 'रोख' ही खाती बजेटच्या आत. गृहकर्ज, पीपीएफ, मुदत ठेवी, फंड बजेटच्या बाहेर, म्हणजे ऑफ बजेट. हा फरक पहिल्याच दिवशी चुकला तर 'टू बजेट'च्या, म्हणजे डब्यांत वाटायला उरलेल्या पैशांच्या, आकड्यात पीपीएफचे पाच लाख येऊन बसतात आणि पुढचं सगळंच खोटं ठरतं. मागच्या तीन वर्षांचा इतिहास भरण्याच्या भानगडीत पडू नका. महिन्याच्या एक तारखेची शिल्लक स्टेटमेंटवरून घ्या आणि तिथून सुरू करा.

डबे, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कॅटेगरी, वीस-पंचवीसच्या वर नकोत. भाजी, फळं, दूध, किराणा असे चार डबे केले की कोपऱ्यावरच्या दुकानातल्या ६४० रुपयांच्या बिलाचे चार तुकडे करावे लागतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ते कोणी करत नाही. 'घरचं सामान' एकच डबा. बाहेरचं खाणं मात्र वेगळं ठेवा, कारण कमी करायची वेळ आली तर हात तिथेच घालता येतो.

वर्षातून एकदा येणारी बिलं

बहुतेक बजेटं इथेच कोसळतात, म्हणून यावर जरा थांबतो. मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं समोर घ्या आणि दर महिन्याला न येणारा प्रत्येक खर्च कागदावर उतरवा. एका घराचं उदाहरण: मालमत्ता कर ९,०००, आरोग्य विमा २८,०००, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग ५,०००, जूनमधली वह्या-पुस्तकं-गणवेश १४,०००, घरकामाच्या मावशींचा दिवाळीचा पगार, वॉचमनची बक्षिसी आणि भेटी मिळून १८,०००, गणपतीला गावी जाणं १६,०००, एसी आणि पाण्याच्या फिल्टरची देखभाल ६,०००. बेरीज ९६,०००, महिन्याला ८,०००. हे ८,००० दर महिन्याला आपापल्या डब्यांत गेलेच पाहिजेत. खात्यात ते दिसत राहतील, पण ते आपले नाहीत.

फसगत होते ती पहिल्या वर्षी. बारा भाग करून मोकळं व्हायचं ठरवलं आणि विम्याचा हप्ता चारच महिन्यांवर असेल, तर २,३३३ च्या हिशेबाने तोपर्यंत ९,३३२ च साठतात. पहिल्या फेरीत उरलेल्या महिन्यांनीच भागायचं: २८,००० भागिले ४, म्हणजे दरमहा ७,०००. पहिलं वर्ष त्यामुळे जड जातं. दुसऱ्या वर्षापासून ओझं सारखं होतं.

गणपतीचा खर्च भाद्रपदात येतो असं समजू नका. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे कोकण रेल्वेच्या तिकिटांचे पैसे आषाढातच लागतात, नेमके शाळेच्या खर्चानंतर. त्या डब्याची मुदत आरक्षणाच्या तारखेची ठेवा. आरोग्य विम्याचा गेल्या वर्षीचा आकडाही जसाच्या तसा उचलू नका: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तर वय वाढल्यामुळे मूळ हप्ता वाढलेला असू शकतो. कंपनीची नूतनीकरणाची सूचना बघूनच आकडा टाका. ऐरोली, वाशी, मुलुंड नाक्यांवरचा हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. जुन्या एक्सेलमधून टोलची ओळ उचलत असाल तर आता त्यात फक्त द्रुतगती मार्ग वगैरे उरतो.

महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं. ९०० आलं तर दरमहा ४५० बाजूला. महावितरणचं दरमहा येतं, पण एप्रिल-मेमध्ये एसीमुळे फुगतं. मागच्या बारा बिलांची सरासरी काढून तेवढी रक्कम दर महिन्याला टाका, हिवाळ्यात डब्यात उरलेलं मे महिन्यात कामाला येतं. महावितरणची अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी येते ती मात्र वेगळी. ती ठेव आहे आणि तिच्यावरचं व्याज पुढे बिलातच वळतं होतं, म्हणून ती विजेच्या सरासरीत मिसळू नका. लोकलचा तिमाही पास काढत असाल तर त्याचाही दरमहा तिसरा हिस्सा.

पगाराची एक बारीक गोष्ट. महाराष्ट्रात व्यवसाय कर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५००. फेब्रुवारीत हातातला पगार शंभराने कमी दिसला तर नोंद चुकली म्हणून शोधत बसू नका. ज्यांचा पगार ३० किंवा ३१ तारखेला जमा होतो त्यांनी 'टू बजेट'वर क्लिक करून 'होल्ड फॉर नेक्स्ट मंथ' वापरावं. नाहीतर पुढच्या महिन्याचा पगार याच महिन्यात वाटला जातो आणि एक तारखेला सगळे डबे रिकामे.

बँकेची फाइल

परदेशात असतं तसं आपल्याकडे हे सॉफ्टवेअर बँकेला थेट जोडता येत नाही. अकाउंट ॲग्रिगेटरची, म्हणजे आपल्या संमतीने बँकेतली माहिती दुसऱ्या संस्थेला पोहोचवणारी, यंत्रणा २०२१ पासून चालू आहे, पण तिच्यातून माहिती घेण्याचा अधिकार रिझर्व्ह बँक, सेबी, विमा आणि पेन्शन नियामकांच्या कक्षेतल्या संस्थांनाच आहे. घरातल्या लॅपटॉपला ती वाट बंद. मग उरतात एसएमएस वाचणारी ॲप्स किंवा नेट बँकिंगमधून उतरवलेली फाइल. सगळे एसएमएस, ओटीपीसकट, एखाद्या ॲपच्या हाती देणं मला पटत नाही. फाइलच घ्या.

फाइल नेट बँकिंगच्या वेबसाइटवरून एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये (साध्या मजकुरातला तक्ता) घ्या. फोनवरच्या ॲपमधून बहुधा पासवर्डवालं पीडीएफ मिळतं आणि ते आयात होत नाही. सुरुवातीच्या पंधरा-वीस ओळींत नाव, पत्ता, आयएफएससी असतो, शेवटी बेरजा. सुरुवातीच्या ओळी वगळायची सोय आयातीच्या खिडकीतच आहे, शेवटच्यांसाठी तशी सोय दिसली नाही तर त्या हाताने काढा. बँका काढलेली आणि भरलेली रक्कम दोन स्वतंत्र रकान्यांत देतात, तेव्हा रक्कम दोन रकान्यांत विभागण्याचा पर्याय निवडा. तारखेची मांडणी तिथेच तपासा: ०५/०७ ही पाच जुलै आहे, सात मे नव्हे. बारा तारखेनंतरच्या नोंदी आल्याच नाहीत किंवा महिने इकडेतिकडे गेले तर कारण हेच.

एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सीएसव्ही करताना यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक ४.१२ई+११ असा होतो आणि सेव्ह केल्यावर मूळ अंक परत मिळत नाहीत. तो रकाना आधी मजकूर म्हणून आयात करा, किंवा फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच दुरुस्त करा.

आता नियम, म्हणजे रूल्स: नोंदीत अमुक मजकूर दिसला की अमुक डबा आपोआप लागतो. वाण्याचा क्यूआर दुकानाच्या नावावर असेलच असं नाही, कधी मुलाच्या तर कधी भावाच्या नावावर असतो. स्टेटमेंटमध्ये नुसतं एखादं आडनाव येतं आणि आठवड्यानंतर ते कोण हे कोणालाच आठवत नाही. पैसे देतानाच यूपीआयच्या शेऱ्यात 'भाजी', 'रिक्षा' लिहायची सवय लावा. बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटमध्ये तो शेरा उमटतो. नियम लिहिताना नावापेक्षा यूपीआय आयडीचा तुकडा धरा, नावाचं स्पेलिंग बँकेगणिक तोडलेलं असतं.

यूपीआय लाइट, म्हणजे छोट्या खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायचं पाकीट, वापरत असाल तर स्टेटमेंटमध्ये फक्त 'लाइटमध्ये १,००० भरले' एवढंच दिसतं, त्यातून गेलेले चहा-वडापाव दिसत नाहीत. ते १,००० खर्च म्हणून टाकू नका. 'रोख' खात्यात ट्रान्सफर दाखवा आणि रविवारी जेवढे संपले तेवढे एकाच नोंदीत 'किरकोळ' म्हणून लिहा. एटीएममधून काढलेल्या पैशांचंही तसंच.

क्रेडिट कार्डाची गल्लत सगळ्यांत महाग पडते. किराणा कार्डावर घेतला तेव्हाच तो खर्च झाला. पुढच्या महिन्यात बँकेतून कार्डाला गेलेली रक्कम म्हणजे ट्रान्सफर, तिला कुठलाही डबा लावायचा नाही. डबा लावला की तोच किराणा दोनदा मोजला जातो, महिन्याचा खर्च वीस हजारांनी फुगलेला दिसतो आणि माणूस सॉफ्टवेअरवरचा विश्वास गमावतो. दोन्ही बाजूंची स्टेटमेंटं आयात केल्यावर ही नोंद दुहेरी आली आहे का तेही बघा.

उलट चूकही होते. रक्कम सारखी आणि तारीख जवळची असली की सॉफ्टवेअर दोन नोंदींना एक समजू शकतं. सकाळी घरून ठाणे स्टेशनला रिक्षाचे किमान भाडे २६, संध्याकाळी परत येताना २६, दोन्ही एकाच स्टँडवरचे. हाताने एक नोंद केली असेल आणि फाइलमधून दोन आल्या तर कुठली कुणाशी जुळली हे आयातीच्या यादीत नजरेखालून घाला.

गृहकर्जासाठी बजेटबाहेरचं खातं −४०,००,००० ने उघडा. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षं धरली तर हप्ता ३४,७१३. दर महिन्याला पगाराच्या खात्यातून तेवढी ट्रान्सफर दाखवा, तिला 'हप्ता' हा डबा लावा. मग कर्जाच्या खात्यात व्याजाची वेगळी वजा नोंद: पहिल्या महिन्यात २८,३३३. शिल्लक −३९,९३,६२०, म्हणजे एवढ्या मोठ्या हप्त्यातून मुद्दल फिटलं ६,३८०. हा आकडा दर महिन्याला डोळ्यांसमोर आला की बोनसमधून अंशतः परतफेड करायची का, हे घरात बसून नीट ठरवता येतं.

रविवारची पंधरा मिनिटं

फाइल उतरवा, आयात करा, डबे नसलेल्या नोंदींना डबे लावा आणि मग खात्याच्या पानावरच्या कुलुपावर क्लिक करून बँकेतली शिल्लक टाका. फरक शून्य आला की नोंदी कुलूपबंद करा. फरक आला तर आधी त्या रकमेची एकच नोंद शोधा, मग त्याच्या निम्म्या रकमेची. निम्मी सापडली तर जमेचं नावे झालं आहे. फरकाला ९ ने भाग जात असेल तर हाताने लिहिताना अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे: ५४० च्या जागी ४५०, फरक ९०. दहा मिनिटांत सापडलं नाही तरच समायोजनाची नोंद करा, पण ती महिन्यातून एकदाच. दर आठवड्याला समायोजन लागत असेल तर एखादं खातं, बहुधा रोख किंवा लाइट, हिशेबाबाहेर राहिलं आहे.

डबा लाल झाला तर त्याच महिन्यात दुसऱ्या डब्यातून भरा. तसाच सोडला तर ॲक्च्युअल तो पुढच्या महिन्यात शून्य करतं आणि तूट 'टू बजेट'मधून गुपचूप वजा होते. मग पुढच्या महिन्यात 'पैसे गेले कुठे' ही चर्चा सुरू.

महिन्याअखेर सेटिंग्जमधून एक्स्पोर्ट करून झिप फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. एन्क्रिप्शन चालू केलं असेल तर त्याचा पासवर्ड विसरल्यावर सर्व्हरवरची फाइल कोणीही उघडून देऊ शकत नाही. तो कागदावर लिहून घराच्या करारनाम्याच्या फाइलमध्ये ठेवा आणि जोडीदाराला जागा दाखवून ठेवा.