चवथीनंतरचा वजनकाटा

आज डायलिसिस केंद्रात बहुतेकांचं वजन तीन किलोंच्या वर वाढलेलं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यानंतर हे ठरलेलंच. हे वजन म्हणजे मूत्रपिंडं निकामी असल्यामुळे अंगात साठलेलं पाणी. 50 किलोच्या माणसाचं 4 तासांच्या डायलिसिसमध्ये साधारण अडीच लिटर काढता येतं. त्याहून जास्त ओढलं की बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात. नुसतं 'पाणी कमी प्या' सांगून भागत नाही, कारण तहान मिठाने लागते. पापड, लोणचं, सुकी मासळी आधी बंद करा. खतखत्यातले (गोव्याची मिश्र भाजी) कंद बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा, ते पाणी फेका, मगच शिजवा. शहाळं तर नकोच. कंदांत आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि रक्तात ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात.

आणखी एक. धर्मादाय केंद्राला देणगी देताना सगळे मशीनच विचारतात. पण मिनिटाला 500 मिलि, म्हणजे 4 तासांच्या एका डायलिसिसला 120 लिटर शुद्ध पाणी लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कार्बनच्या टाकीत अडलं नाही तर रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून डायलिसिसच्या प्रत्येक पाळीआधी पाण्यातलं क्लोरीन तपासावंच लागतं. कार्बन आणि आरओच्या (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या) मेम्ब्रेनसाठी, म्हणजे गाळणपडद्यांसाठी, पैसे द्या, खरंच! आणि दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या आतल्या गावांतून येणाऱ्यांच्या गाडीभाड्यासाठीही. भाड्यापायीच डायलिसिसच्या पाळ्या चुकतात.