तुम्ही विचारलंत म्हणून: काय वाचावं, काय पाहावं

रविवारची दुसरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की मी धर्मशिक्षणाच्या वर्गाकडे निघते, आणि चर्चच्या पायऱ्यांवरच कोणीतरी गाठतं. बहुतेक वेळा एखादी आई असते. "टीचर, पोरगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सिरीज बघतो. हे चालतं का आपल्यात?" कधी वर्गातलीच दहावीतली मुलगी असते: "टीचर, असला पिक्चर बघितला तर कुमसाराला सांगावं लागतं का?" कुमसार म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. मागच्या महिन्यात तर रिटायर झालेल्या एका काकांनी सरळच सांगितलं, "तुम्ही एक यादी करून द्या. कॅथलिक माणसानं काय वाचायचं, काय बघायचं. लावून टाकू नोटीस बोर्डावर."

यादी मी आजवर कोणाला दिलेली नाही. का, ते पायऱ्यांवर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे बसून लिहिते.

यादी एके काळी होती. निषिद्ध ग्रंथांची रोमची यादी पोप पौल चौथे यांच्या काळात, १५५९ साली निघाली आणि भर पडत पडत चारशेहून अधिक वर्षं चालली. १९६६ साली चर्चनं तिची कायद्याची सक्ती काढून घेतली. मात्र तिच्यामागची नैतिक जबाबदारी संपली असं म्हटलं नाही. त्याच्या तीन वर्षं आधी, ४ डिसेंबर १९६३ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या रोममधल्या सभेनं, प्रसारमाध्यमांवर एक हुकूमनामा काढला होता. त्यात छापणाऱ्यांच्या आणि दाखवणाऱ्यांच्या कर्तव्यांबरोबर आपल्या खुशीनं वाचणाऱ्या-पाहणाऱ्यांचीही कर्तव्यं सांगितली आहेत. निवड तुमची, म्हणून जबाबदारीही तुमची. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याला लहान मूल समजून हातातलं काढून घेण्यापेक्षा हे अवघड आहे.

किती अवघड, ते मला तीन वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कळलं. राखेच्या बुधवारी, म्हणजे त्याच्या पहिल्याच दिवशी, मी ठरवलं, चाळीस दिवस मालिका बंद, त्याऐवजी मोबाइलवर धार्मिक काहीतरी ऐकायचं. सुरुवातीला चांगली प्रवचनं ऐकली. मग एक संपलं की दुसरं आपोआप लागायला लागलं, आणि हळूहळू सूर बदलला. पोप कसे चुकतायत, कुठली मिस्सा खरी आणि कुठली खोटी, कोणते बिशप विकले गेलेत, शेवटचा काळ कसा दारात आलाय. बोलणाऱ्याच्या गळ्यात मोठा क्रूस, मागे पवित्र मरियेची तसबीर. मी भाजी निवडताना ऐकायचे, लोकलमध्ये वसई रोड ते अंधेरी ऐकायचे. मला वाटायचं, माझी श्रद्धा पक्की होतेय.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, येशूच्या दुःखसहनाचं लांबलचक वाचन झालं. पुढे फादरांनी ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, वर उचललं. सगळं चर्च गुडघ्यावर. आणि मी? फादरांनी कुठला शब्द गाळला, गायनमंडळानं कुठलं गीत भलत्या जागी घेतलं, पुढच्या बाकावरची बाई कम्युनियनची भाकर हातात घेणार की जिभेवर, हे मोजत होते. घरी आल्यावर यांनी सहज विचारलं, "आज काय सांगितलं फादरांनी?" मला प्रवचनातलं एक वाक्य आठवेना. चुका मात्र बोटांवर सांगता आल्या असत्या.

पवित्र आठवड्यात कुमसाराला गेले तेव्हा हे सांगितलं. फादरांनी एकच विचारलं: "ते ऐकून झाल्यावर प्रार्थना करावीशी वाटते?"

नाही वाटत, हे उत्तर मला तिथंच मिळालं. प्रश्न फादरांनी स्वतःच्या मनानं काढलेला नव्हता, हे मात्र पुढे येशूसंघ (जेझुइट) हा धर्मगुरूंचा संघ काढणाऱ्या संत इग्नेशियस यांचं चरित्र वाचताना कळलं. मे १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा पाय मोडला आणि लोयोलाच्या वाड्यात कित्येक महिने अंथरुणावर काढावे लागले. वेळ जाईना म्हणून त्यांनी सरदारांच्या शौर्यकथा मागितल्या. घरात त्यातली एकही नव्हती. होतं ते ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा, तेच हाती दिलं. वाचून कंटाळा आला की ते स्वप्नात रमायचे. एका थोर घरच्या बाईसाठी आपण काय काय पराक्रम करू, या विचारात दोन-दोन, तीन-तीन, चार-चार तास कसे गेले ते कळायचं नाही. हे वाचताना मला आमच्या घरातले सगळे मोबाइल आठवले. दुसऱ्या वेळी मनात यायचं, संतांनी केलं ते मी का करू नये, अनवाणी जेरुसलेमला का जाऊ नये?

गंमत वाटायची ती दोन्ही विचारांत सारखीच. फरक पडायचा तो नंतर. पराक्रमाचा विचार सरला की मन कोरडं आणि नाराज. संतांचा विचार सरला तरी आनंद मागे राहायचा. हे त्यांच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. सगळं येशूसंघी अध्यात्म या एवढ्याशा निरीक्षणावर उभं आहे, असं मला वाटतं. गोडी खाताना दोन्हीला होती, खरी चव मागाहून कळली.

तेव्हापासून मी "हे पाप आहे का?" या प्रश्नाशी थांबत नाही. तो प्रश्न सोडायचा नाहीच. अश्लील ते अश्लील, आणि ते बघणं पाप आहे, हे मुलांना मी आडपडदा न ठेवता सांगते. पण त्या प्रश्नातून निसटणारं खूप असतं. बारा जणांना पाठवा नाहीतर संकट येईल, म्हणून येणारा संत अंतोनींचा फॉरवर्ड घ्या. त्यात एकही वाईट शब्द नसतो, पण तो देवाला धमकी देणारा सावकार करून टाकतो. तो मी पुढे पाठवत नाही. उलट गेल्या पावसाळ्यात धरणात गाव गेलेल्या एका कुटुंबावरची कादंबरी वाचली. तिच्यात देवाचं नाव शोधून सापडलं नसतं. पुस्तक मिटल्यावर मात्र दोन वर्षं अबोला धरलेल्या जावेकडे गेले, सोबत घरच्या केळीचा घड घेऊन. पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२४ मध्ये साहित्यवाचनावर एक पत्र लिहिलं. आधी ते धर्मगुरूंच्या शिक्षणापुरतं लिहायचं त्यांच्या मनात होतं, मग ते त्यांनी सगळ्यांसाठीच केलं. कथा-कादंबऱ्या आपल्याला दुसऱ्याच्या काळजापर्यंत नेतात, हा त्यातला मुद्दा मला त्या घडानं समजावला.

"पण टीचर, आम्ही नुसतं बघतो, आमच्यावर काही परिणाम होत नाही." हे प्रत्येक वर्षी कोणीतरी म्हणतंच. त्यांना मी संत ऑगस्टीनच्या मित्राची, अलिपियसची गोष्ट सांगते. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढत ग्लॅडिएटरांच्या खेळाला नेलं. तो म्हणाला, शरीर नेलंत तरी डोळे मिटून बसेन. बसलाही. मग गर्दीतून एकदम आरोळी उठली, त्यानं डोळे उघडले, आणि उठला तो दुसऱ्यांना सोबत घेऊन पुन्हा येण्याची ओढ लावून घेऊनच. त्यानं कान झाकले नव्हते.

आता पालकांशी थोडं. बंद कर, बंद कर म्हणून मुलाचं पोट भरत नाही. गोव्यातल्या सासष्टीत ४०० वर्षांपूर्वी हाच पेच पडला होता. फादर थॉमस स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे, १५७९ साली गोव्यात आले. त्यांच्या ख्रिस्तपुराणात आरंभीच एक प्रसंग आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो, आमची जुनी पुराणं वाचू नका म्हणता, मग त्यांच्यासारखं दुसरं काही आम्हाला का देत नाही? किती रास्त प्रश्न! फादरांनी त्याला उपदेश करून वाटेला लावलं नाही. मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्या रचल्या, १६१६ साली रायतूरला छापून घेतल्या, आणि लोकांना गाता येईल असं काही त्यांच्या हाती ठेवलं. तुमच्या मुलाच्या हातून मोबाइल घ्याल तेव्हा त्याच हातात काय ठेवणार, हे आधी ठरवा. आमच्या घरी जेवणाआधी बायबलमधलं त्या दिवसाचं शुभवर्तमान कोणीतरी एक मोठ्यानं वाचतं. पाच मिनिटं लागतात. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात राहतो, माझासुद्धा.

आणि तुकोबा वाचलेले चालतात का, असं विचारणाऱ्यांना: वाचा, मन लावून वाचा. २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात महासभेनं म्हटलंय की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी सुबोध बायबल दिलं, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, आणि ज्ञानोबा-तुकोबा त्यांच्या बोलण्यात कायम असत. त्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा त्यानं पातळ झालेली मी तरी पाहिली नाही.

राहिली काकांची यादी. तिच्याऐवजी मी या वर्षी वर्गात वह्या वाटल्या. तीन रकाने: काय पाहिलं किंवा वाचलं, किती वेळ, आणि तासाभरानं मन कसं होतं. नावं लिहायची नाहीत, मला दाखवायची सक्ती नाही. एका मुलीनं आपणहून दाखवली. सोमवार, रील, दीड तास, "काहीच नाही". मंगळवार, रील, दोन तास, "काहीच नाही". बुधवार, सिरीजचे तीन भाग, "भावावर ओरडले". शुक्रवार, आजीसोबत रोझरी, वीस मिनिटं, "झोप येत होती. नंतर आजीचे पाय चेपले".

मी म्हटलं, "अगं, शेवटच्या रकान्यात मन कसं होतं ते लिहायचंय."

ती म्हणाली, "तेच लिहिलंय ना, टीचर."