टिकटिक

"आई, तू घड्याळ लावून समोर बसलीस ना, की मला प्रश्न दिसतच नाही. नुसती टिकटिक ऐकू येते."

पाचवीच्या शिष्यवृत्तीचा सराव चालला होता. दुसरा पेपर, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. 75 प्रश्न, 90 मिनिटं. वेळ संपली तेव्हा लेकीचे 14 प्रश्न कोरे. मी काय, लगेच सुरू झाले.

मग उत्तरपत्रिका नीट पाहिली. उत्तराच्या पर्यायाचा एकेक गोल पेननं असा भरलेला, जणू दिवाळीची रांगोळी! रेघेबाहेर एक ठिपका नाही.

"पेननं खोडता येत नाही ना. मग चुकायला नको."

उत्तरं येत होती हो पोरीला. वेळ खाल्ला तो या गोलांनी.

मागच्या चाचणीत 25 पैकी 23 मिळाले होते. तेव्हा "दोन कुठे गेले?" असं विचारणारी मीच. (माझी आईही हेच विचारायची, पण ते असो.)

घड्याळ कपाटात टाकलं. आरशातल्या प्रतिमेचे प्रश्न हातात खराखुरा आरसा घेऊन सोडवले. एका गोलाबाहेर पेन गेलं, तर माझ्याकडे बघून गालात हसली.

तुमच्या घरी घड्याळ कोण लावतं?