भिंत औषध पिते तेव्हा

ठाणे-वाशी लोकलने रबाळ्याला जाताना डब्यात औषध कंपन्यांच्या क्यूसीतली, म्हणजे गुणवत्ता तपासणीतली, बरीच मंडळी भेटतात. बारीक चॅनेलमधून द्रवाचे नमुने तपासणाऱ्या चिप बनवणं हे माझं काम. ते कळलं की प्रश्न ठरलेला: "एचपीएलसी असताना ही काडेपेटीएवढी चिप कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

एचपीएलसी हे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. ते मिनिटाला साधारण १ मिलिलिटर द्रावक ओढतं, म्हणजे आठ तासांच्या पाळीत जवळजवळ अर्धा लिटर. चिपमधलं चॅनेल १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा दहावा भाग) रुंद, ५० मायक्रॉन खोल आणि १ सेंटिमीटर लांब धरा. त्यात मावतात फक्त ५० नॅनोलिटर. पाण्याच्या एका थेंबात अशी हजारेक चॅनेल भरतील. तान्ह्या बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त मिळतं, तेव्हा या फरकाची किंमत कळते.

पण इतक्या अरुंद जागेत भिंतीचं राज्य असतं. १० सेंटिमीटर व्यासाच्या बीकरऐवजी १०० मायक्रॉनची नळी घेतली, तर तेवढ्याच द्रवाला हजारपट भिंत लागते.

आमची पहिली चिप पीडीएमएसची, म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबराची. दहा भाग बेस, एक भाग क्युरिंग एजंट, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन. बुडबुडे काढायचे, साच्यावर ओतून ओव्हनमध्ये ठेवायचं, सोलायचं, प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायू) देऊन काचेला चिकटवायचं. स्वस्त आणि झटपट. नव्या डिझाइनची चाचणी मी आजही तिच्यावरच घेते. तेलात सहज विरघळणाऱ्या एका औषधाचं द्रावण तिच्यातून सोडलं, तर बाहेर दर वेळी कमीच येई. दोन आठवडे पंप तपासला, नळ्या बदलल्या. शेवटी नाइल रेड हा चमकणारा रंग सोडला, चॅनेल धुतलं आणि फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपखाली पाहिलं. चॅनेल रिकामं, दोन्ही भिंती लालभडक. रबर रंग प्यायलं होतं, तसंच औषधही.

त्या संध्याकाळी मला घरी जाववेना. अशाच चिपमध्ये पेशी वाढवून औषधाचा विषारीपणा तपासतात. तिथे पेशींपर्यंत औषध पुरेसं पोचलंच नसतं आणि आम्ही ते निर्धोक ठरवलं असतं.

आता अशा औषधांसाठी काचेची चिप वापरते. ती महाग पडते, कोरायला दिवस लागतात, पण भिंत औषध पीत नाही. तरीही नवी चिप आली की आधी माहीत असलेल्या मात्रेचं द्रावण सोडते, बाहेर आलेलं गोळा करते आणि तुमच्या त्या एचपीएलसीवरच मोजते. आत गेलं तेवढं बाहेर आलं, की मगच रुग्णाचा नमुना.