क्रेटा घ्यायची खरं, पण इंजिन कुठलं?

ह्युंदाईच्या 2024 च्या क्रेटात तीन इंजिनं (साधं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेल), तिन्ही दीड लिटरचीच, आणि साधं पेट्रोल 115 पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप), डिझेल 116, म्हणजे कागदावर सारखंच की. खरा फरक टॉर्कचा, म्हणजे ओढायच्या जोराचा. पेट्रोलला 144 एनएम, ते पण 4500 आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे), डिझेलला 250 आणि ते 1500 पासनंच. आता घरची पाच माणसं, डिकीत बॅगा, एसी चालू आणि आंबा घाट चढायचा म्हटलं की पेट्रोलचं इंजिन दुसऱ्या गिअरवर नुसतं ओरडतंय, पुढचा लोडचा ट्रक काय ओव्हरटेक होत नाही, डिझेल तिथं तिसऱ्यावर निवांत ओढतंय.

पण गाडी कोल्हापुरातच राजारामपुरी ते महाद्वार रोड एवढीच फिरणार असंल तर डिझेलच्या नादाला लागू नका, डीपीएफमध्ये (धुराच्या फिल्टरात) काजळी साठते, ती जळायला हायवेला सलग पळवावी लागते, सिग्नलला थांबत थांबत ते होत नाही. गावात साधं पेट्रोलच बरं (पार्किंगचं दुखणं मात्र तिन्हीला सारखंच).

टर्बो पेट्रोल 160 पीएसचं, सात गिअरची डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), पुणे-बंगळूर हायवेला लै भारी, पण पाय जड असला की पंपावर कळतंय.