सदाफुली आणि आमची चिंगी

गल्लीतल्या चिंगी कुत्रीच्या मागून रक्ताचे थेंब पडत होते, आम्ही सगळ्यांनी महिनाभर "माजावर असेल" म्हणून सोडून दिलं. डॉक्टरांनी तपासलं तर आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी लालबुंद गाठ. टीव्हीटी, म्हणजे कुत्र्यांच्या जननेंद्रियांत होणारा एक कॅन्सर. विचित्र म्हणजे हा कॅन्सर लागतो, आणि तोही व्हायरसने नाही, तर मेटिंगच्या वेळी गाठीतल्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात! कुत्र्याच्या पेशीत गुणसूत्रं 78, या गाठीच्या पेशीत साठच्या आसपास, म्हणजे ती पेशी चिंगीची नाहीच, हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी कुत्र्याची.

औषध व्हिन्क्रिस्टिन, मूळ सदाफुलीतलं, हो तीच आपल्या कुंडीतली. पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्रं ओढून नेणारे धागे ते बनूच देत नाही, मग पेशी मध्येच अडकून मरते. आठवड्याला एक डोस, तोही शिरेतूनच. बाहेर थोडंसं जरी गळलं तरी तिथलं मांस सडू शकतं, म्हणून आधी सलाईन सोडून बघितलं आणि मला दम, "पाय घट्ट धर, हलली तर वाट लागेल". माझेच हात थरथरत होते.

दर डोसआधी रक्त तपासायचं. दुसऱ्यानंतर पांढऱ्या पेशी घसरल्या, आठवडाभर थांबलो. औषध शी-शूतून बाहेर पडतं, ते साफ करताना ग्लोव्हज घालायचे, हे मात्र मला तिसऱ्या डोसला कळलं, वा!

पाच डोसात गाठ गेली. आता नसबंदी करायचीय, पण बाईसाहेब रिक्षा दिसली की पसार.